लागू नाही

फॉर्ममधला प्रश्न माणूस वाचणार की नाही, हे बऱ्याचदा त्याखाली आधीच कोणतं उत्तर निवडून ठेवलंय यावर ठरतं. आमच्या धंद्यात याला डिफॉल्ट म्हणतात. नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं होतं तेव्हा मी असा एक डिफॉल्ट ठेवला. हा लेख त्या एका ओळीच्या कोडमुळे लिहावा लागतोय.

काम होतं ग्रामीण रस्त्यांच्या बांधकामावर देखरेख ठेवायच्या मोबाइल अ‍ॅपचं. कुणासाठी आणि कुठल्या राज्यात, ते सोडून देऊ. इंजिनिअरने साइटवर जायचं, अक्षांश-रेखांशासकट फोटो काढायचे, खडीच्या थराची जाडी भरायची, आणि शेवटच्या पानावर पर्यावरणाचे प्रश्न. मुरूम काढलेले खड्डे पूर्ववत केले का? शेतातल्या मातीचा वरचा थर बाजूला राखून ठेवला का? राडारोडा ओढ्यापासून दूर टाकला का? मजुरांच्या पालांवर पाण्याची आणि संडासाची सोय आहे का? उत्तरं तीनच: होय, नाही, लागू नाही.

चाचणीच्या वेळी साइटवरून तक्रारी आल्या. सगळे प्रश्न भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही, तोवर रेंज जाते, मग पुन्हा पहिल्यापासून. मी तोडगा काढला. शेवटच्या पानावरच्या सगळ्या प्रश्नांना ‘लागू नाही’ हे उत्तर आधीच निवडून ठेवलं. तक्रारी थांबल्या. मीटिंगमध्ये माझं कौतुक झालं. पुढे डॅशबोर्ड बनवताना ‘होय’ आणि ‘लागू नाही’ दोन्ही हिरव्या रंगात धरायचं ठरलं. राज्याचा नकाशा हिरवागार दिसू लागला.

काही महिन्यांनी दुसऱ्याच एका बगमागे लागले असताना मी डेटाबेस उघडून पाहिला. बहुतेक नोंदींमध्ये शेवटच्या पानाला कुणी बोटही लावलेलं नव्हतं. तो हिरवा नकाशा रस्त्यांचा नव्हता, माझ्या त्या ओळीचा होता.

हे प्रश्न आले कुठून, असं मी टीममध्ये विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. क्लायंटने एक्सेल शीट पाठवली होती, तीत होते. त्याच्याही आधी कुठे होते? मी वाचायला लागले. मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही. पण कोड जुना असला की आम्ही त्यातली प्रत्येक ओळ कुणी, कधी, कशासाठी घातली ते शोधत मागे जातो. तसंच गेले.

*

रस्त्याचा इतिहास लिहायची एक सोपी रीत म्हणजे सरकारने रस्त्यावर काय मोजलं ते पाहणं.

आधी पैसा मोजला. १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली भारतातल्या रस्त्यांचा विचार करायला समिती नेमली गेली. पुणे विद्यापीठातल्या जयकर ग्रंथालयात अभ्यासाला बसलेल्यांना हे नाव भिंतीवरचं म्हणून माहीत असतं. या समितीच्या शिफारशींतून पेट्रोलवर जादा कर बसला आणि १९२९ मध्ये रस्त्यांसाठी केंद्रीय निधी उभा राहिला.

मग अंतर मोजलं. डिसेंबर १९४३ मध्ये देशभरातले मुख्य अभियंते नागपूरला जमले. युद्ध चालू होतं, पण युद्धानंतरच्या रस्त्यांचा वीस वर्षांचा आराखडा त्यांनी तिथे केला. तोच ‘नागपूर प्लॅन’. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते, गावरस्ते ही उतरंड आजही आपल्या डोक्यात आहे ती तिथली. शेतीच्या दृष्टीने पुढारलेल्या भागातलं कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, असं त्यांनी ठरवलं. यात गावापर्यंतचं अंतर आहे. रस्त्यासाठी माती कुठून आणायची आणि रस्ता झाल्यावर पाणी कुठून जायचं, हे त्या काळी मोजायच्या गोष्टींत नव्हतं.

मग माणसं मोजली. १९७२ चा दुष्काळ पडला आणि महाराष्ट्रात रस्ते हे पोट भरायचं साधन झालं. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. पाझर तलाव, नालाबांध, खडी फोडणं आणि रस्ते. या कामांच्या अनुभवातूनच रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला. या काळातल्या रस्त्याचं महत्त्वाचं कागदपत्र म्हणजे हजेरीपट. किती मजूर आले, किती ब्रास खडी फोडली, किती मजुरी झाली. रस्ता कुठे पोहोचला हा प्रश्न दुय्यम होता आणि ते चूकही नव्हतं. माणसं जगवायची होती.

माझी आजी तेव्हा पंचविशीची होती. बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावाशेजारच्या माळावरून तिने मुरूम वाहिला. सकाळी हजेरी, दुपारी सुकडी, संध्याकाळी मिलोची लाल भाकरी. त्या कामाबद्दल विचारलं की ती रस्त्याबद्दल काही सांगत नाही, हातांबद्दल सांगते. एवढ्या शेकडो हातांनी टिकावाने खणून, पाट्यांनी वाहूनही तो माळ दोन उन्हाळ्यांत कसाबसा परसाएवढा खाली गेला, असं तिचं म्हणणं. माळावर तेव्हा कुणी पर्यावरणाचा तपासनीस नव्हता. पण भुकेल्या माणसाच्या हाताचा वेगच माळ किती खाता येईल ते ठरवत होता. या मर्यादेत कसलाही मोठेपणा नाही. पोकलेन आल्यावर ती मर्यादा गेली, एवढीच नोंद करायची आहे.

*

माझ्या एक्सेल शीटमधल्या प्रश्नांचा माग मात्र ना नागपूरला लागला ना बीडला. तो लागला ब्राझीलमध्ये.

ॲमेझॉनच्या जंगलातून जाणारा बीआर-३६४ हा महामार्ग पावसाळ्यात चिखलात बुडायचा. कुयाबा ते पोर्तो व्हेल्यो हा सुमारे दीड हजार किलोमीटरचा टप्पा पक्का करायचा आणि त्याला वस्त्यांकडे जाणारे फाटे जोडायचे, असा ‘पोलोनोरोएस्ते’ नावाचा कार्यक्रम ब्राझील सरकारने हाती घेतला. १९८१ मध्ये जागतिक बँकेने त्याला कर्ज दिलं. कागदावर आदिवासींच्या जमिनी राखायच्या होत्या, जंगल राखायचं होतं. झालं असं की रस्ता वेळेत झाला आणि राखायची कामं मागे पडली. रस्त्यावरून हजारो कुटुंबं आली. मुख्य रस्ता, त्याला काटकोनात फाटे आणि फाट्याफाट्यावर कापलेलं रान, अशी माशाच्या काट्यासारखी आकृती उपग्रहाच्या फोटोंत उमटली. अमेरिकी संसदेच्या समित्यांपुढे सुनावण्या झाल्या. १९८५ मध्ये बँकेने पैसे काही काळ रोखले. १९८७ मध्ये बँकेचे अध्यक्ष बार्बर कोनेबल यांनी हे काम बिघडल्याची जाहीर कबुली दिली आणि बँकेत पर्यावरणाचं वेगळं खातं उभं केलं. कर्ज देण्याआधी पर्यावरणाचा अभ्यास झालाच पाहिजे, हा नियम १९८९ मध्ये आला.

ही गोष्ट रस्त्याची आहे, धरणाची किंवा कारखान्याची नाही, याचं मला वाचताना नवल वाटलं. आणि नुकसान मुख्य रस्त्याने जितकं केलं तितकंच फाट्यांनी.

दुसरा धागा आपल्या जवळचा आहे. सरदार सरोवराच्या बुडित क्षेत्रातलं महाराष्ट्रातलं पहिलं गाव मणिबेली, अक्कलकुवा तालुक्यातलं. तिथल्या आणि खोऱ्यातल्या इतर गावांच्या लढ्यामुळे जागतिक बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली. १९९२ च्या तिच्या अहवालाने बँकेचे स्वतःचेच नियम पाळले गेले नसल्याचं सांगितलं. मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेलं कर्ज नाकारलं आणि त्याच वर्षी बँकेने बाधित लोकांना थेट तक्रार करता यावी म्हणून तपासणी मंडळ स्थापन केलं. नियम असणं वेगळं आणि तो पाळला जातोय का हे कुणीतरी बघणं वेगळं, हा फरक कागदावर यायला मणिबेलीतल्या माणसांना पाण्यात उभं राहावं लागलं.

मी ज्या प्रश्नांना ‘लागू नाही’ म्हणून टाकलं, त्यांची वंशावळ ही आहे.

*

२५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. सपाट प्रदेशात ५०० आणि डोंगराळ, वाळवंटी व आदिवासी भागांत २५० लोकसंख्येच्या वस्तीपर्यंत बारमाही रस्ता, हे तिचं पहिलं उद्दिष्ट. आता मोजायच्या गोष्टी बदलल्या. जोडलेल्या वस्त्या, थरांची जाडी, डांबराचं प्रमाण. तपासणीचे तीन स्तर ठरले: कामावरचे अभियंते, राज्याने नेमलेले निरीक्षक आणि त्यावर राष्ट्रीय निरीक्षक. हे बहुतेक निवृत्त अभियंते असतात. ठेकेदाराने रस्ता बांधून झाल्यावर पाच वर्षं देखभालही करायची, अशी अट करारातच घातली. सगळी नोंद ठेवायला ‘ओमास’ ही संगणक प्रणाली आली, तीही पुण्याच्या सी-डॅकने केलेली. म्हणजे माझ्यासारख्यांचा या रस्त्यांशी संबंध माझ्या जन्माच्या आसपासच सुरू झाला होता.

२००४ मध्ये जागतिक बँकेने या योजनेतल्या हिमाचल, झारखंड, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या रस्त्यांसाठी कर्ज दिलं. आशियाई विकास बँकही आली. कर्जाबरोबर पर्यावरणाची आचारसंहिता आली. एकेका विषयाला एकेक प्रकरण: माती कुठून काढायची, खाणी, पाणी, उतार, मोऱ्या, झाडं, मजुरांच्या वस्त्या, देवळं-थडगी. ही भाषा अगदी कामाची आहे. शेतातून माती घ्यायची असेल तर वरचा १५ सेंटिमीटरचा थर आधी काढून वेगळा रचा, आणि काम झालं की परत पसरा. खड्डा दीड मीटरपेक्षा खोल नको. हिमाचलात डोंगर कापून निघालेला मलबा दरीत ढकलायचा नाही, ठरलेल्या जागी टाकायचा.

या सगळ्यात मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे शिवारफेरी. योजनेच्या नियमांप्रमाणे रस्ता आखण्यापूर्वी अभियंता, सरपंच, तलाठी, जंगल असेल तर वनखात्याचा माणूस आणि गावकरी यांनी त्या वाटेवरून चालत जायचं. झाडं कुठली वाचवायची, जमीन कुणाची जाते, पाणी कुठून येतं, हे चालता चालता ठरवायचं आणि त्याची नोंद व फोटो आराखड्याला जोडायचे. नागपूरच्या अभियंत्यांनी नकाशावर पट्टी ठेवून जे मोजलं, ते इथे पायांनी मोजायचं. गावातल्या म्हाताऱ्या माणसाला जे माहीत असतं ते सरकारी कागदात शिरण्याची ही एक फट आहे.

ही फट कर्ज देणाऱ्यांनी किंवा योजनेने ठेवली. कायद्याने ठेवली नाही.

*

आपला कायदा गावरस्त्याबद्दल बहुतेक वेळा माझ्याच डिफॉल्टसारखा वागला आहे.

पर्यावरण परिणाम अभ्यासाची पहिली अधिसूचना २७ जानेवारी १९९४ ची. तिच्या यादीत महामार्ग होते. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेत राष्ट्रीय आणि राज्य महामार्ग आले. गावरस्ते: लागू नाही. जंगलातून जाणार असेल तर १९८० चा वनसंरक्षण कायदा आहे. पण तिथेही २००६ च्या वनहक्क कायद्याने रस्ता, शाळा, दवाखाना अशा तेरा सोयींसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी जमीन आणि हेक्टरी ७५ पर्यंत झाडं असतील, तर ग्रामसभेच्या शिफारशीवर परवानगी द्यायची मुभा ठेवली. ही मुभा मला योग्य वाटते. पाड्यावर रस्ता नसताना बाळंतिणीला झोळीतून न्यावं लागतं, त्या बाईला पर्यावरण मंजुरीची दोन वर्षं वाट पाहायला सांगणारी मी कोण? शिवाय ग्रामसभेला विचारणं हीदेखील तपासणीच आहे.

पण एका छोट्या रस्त्याचं छोटंपण किती असतं ते हिशेब करून पाहिलं. दोन किलोमीटरचा रस्ता, साडेसात मीटर रुंदी आणि सरासरी अर्धा मीटर भराव. ७,५०० घनमीटर माती, म्हणजे सुमारे २,६५० ब्रास. नियमाप्रमाणे दीड मीटर खोल खणलं तरी अर्धा हेक्टर जमीन उकरावी लागते. प्रत्येक रस्त्याला इतका भराव लागत नाही. पण या एका योजनेत आजवर सात लाख किलोमीटरहून अधिक रस्ते झाले आहेत. महामार्गाचा खड्डा एकाच जागी असतो म्हणून दिसतो. गावरस्त्यांचे खड्डे देशभर विखुरलेले असतात.

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘दीपक कुमार’ प्रकरणात हेच ओळखलं होतं. पाच हेक्टरपेक्षा लहान खाणींनाही पर्यावरण मंजुरी हवी, कारण लहान लहान मिळूनच मोठं होतं. मग २८ मार्च २०२० उजाडला. लॉकडाउनचा पहिला आठवडा. त्या दिवशी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने अधिसूचना काढली, की रस्ते, पाइपलाइन अशा रेषीय प्रकल्पांसाठी साधी माती काढायला मंजुरीची गरज नाही. किती माती, कुठून, रेषीय प्रकल्प म्हणजे नेमकं काय, काहीच सांगितलं नव्हतं. लोकांच्या हरकतीही मागवल्या नव्हत्या. प्रकरण हरित लवादातून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २१ मार्च २०२४ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. संजय करोल यांच्या पीठाने ती सूट रद्द केली. मधली चार वर्षं मात्र देशातल्या रस्त्यांच्या मातीला सरकारी उत्तर होतं: लागू नाही. त्यातलीच काही वर्षं माझंही तेच उत्तर होतं.

*

आमच्या गावाला डांबरी रस्ता मी कॉलेजात असताना आला. त्याआधी पावसाळ्यात फाट्यापर्यंतचे दोन किलोमीटर गुडघाभर चिखल असायचा. आजोबांना शेवटच्या आजारात बाजेवर घालून नेलं होतं, चौघांनी खांदा देऊन. त्यामुळे आमच्या घरात रस्त्याला नाव ठेवायची सोय नाही. मलाही ठेवायचं नाही.

पण ज्या माळाला दोन उन्हाळ्यांत आजीच्या पिढीने परसभर खाली नेलं होतं, तो पोकलेनने चार-पाच दिवसांत अर्धा खाल्ला. खड्डा तसाच आहे. आणि रस्ता शेतापेक्षा उंच झाल्यावर तो पाण्याच्या आडवा बांध झाला. मोऱ्या आहेत, पण एक मोरी ओघळीपासून बरीच लांब आहे. दर पावसाळ्यात पाणी जुन्या वाटेने येतं, रस्त्याला अडतं आणि शेजाऱ्यांच्या रानात तुंबून कडेची माती घेऊन जातं. शिवारफेरी झाली होती का, हे गावात कुणाला आठवत नाही. आजी म्हणाली, “पाणी काई वाट इसरत नसतंय माय. म्या सांगितलं असतं की, पर मला कोन इचारतंय?”

पुण्याला परतल्यावर मी तो डिफॉल्ट काढला. ‘लागू नाही’ निवडायचं असेल तर कारण लिहायचं आणि जागेचा फोटो जोडायचा, असं केलं. पुढच्या महिन्यात नकाशावर पिवळे-लाल ठिपके आले. काही इंजिनिअरांनी प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहिलं होतं. एकाने खड्ड्याचा फोटो काढून खाली लिहिलं होतं, ‘शेतकरी म्हणतो शेततळं करतो, बुजवू नका.’ अशी उत्तरं कुठल्याही डिफॉल्टमधून मिळाली नसती. त्याच वेळी आणखी एक गोष्ट दिसली. जुलै ते सप्टेंबर तपासण्या जवळजवळ नव्हत्याच. पावसाळ्यात काम बंद, म्हणून तपासणीही बंद. मोरी बरोबर आहे का हे पाणीच सांगतं, आणि पाणी सांगत असतं तेव्हा फॉर्म मिटलेला असतो.

मी दोन सूचना लिहून दिल्या. एक, पहिल्या मोठ्या पावसानंतर एक तपासणी सक्तीची करावी. दोन, ‘लागू नाही’ हे उत्तर टक्केवारीत धरू नये. क्लायंटकडून उत्तर आलं, की पालनाची टक्केवारी अचानक घसरल्यामुळे वरून विचारणा होत आहे, तरी आधीची पद्धत पूर्ववत करावी. पुढच्या आवृत्तीत ती पूर्ववत झाली. तो बदल करणारी मीच होते. कोडच्या इतिहासात त्या ओळीपुढे दोनदा माझं नाव आहे. काही महिन्यांनी मी त्या प्रकल्पातून बाहेर पडले. ते धाडस होतं असं नाही, दुसरी नोकरी मिळाली होती.

गेल्या दिवाळीत आजीला घेऊन गावापासून फाट्यापर्यंत चालत गेले. तिचे गुडघे दुखतात, म्हणून दर थोड्या अंतरावर बसत, दोन दिवसांत मिळून. पाणी पूर्वी जिथे जिथे वाट ओलांडायचं ती जागा ती काठीने दाखवायची, मी फोनमध्ये अक्षांश-रेखांश नोंदवायचे. अशा नऊ जागा निघाल्या. रस्त्यावर मोऱ्या चार आहेत, त्यांतल्या तीन आजीच्या जागांवर. एका कागदावर नकाशा काढून त्याच्या दोन प्रती केल्या. एक ग्रामपंचायतीत दिली. ग्रामसेवकांनी बराच वेळ पाहिली आणि विचारलं, हे कुठल्या नमुन्यात आवक करू? नमुना नव्हता. शेवटी त्यांनी ‘इतर’ या सदराखाली नोंद करून शिक्का मारून दिला.

दुसरी प्रत माझ्याकडे आहे. त्या रस्त्याच्या नूतनीकरणाचं काम कधीतरी निघेल. तेव्हा जो कुणी अभियंता येईल त्याच्या हातात ती द्यायची आहे, आणि जमलं तर त्याला आजीबरोबर फाट्यापर्यंत चालत न्यायचं आहे. आजी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. काम लवकर निघायला हवं.